‘बाटली आहे म्हणून जगलीये’: काहीच न खाणाऱ्या एका मुलीचं प्रकरण

आजी, आई आणि आईच्या कुशीत दोन महिन्यांचं बाळ असे सगळे एकदमच आत आले. बाबा मागून बाळाची पिशवी घेऊन आले. जिच्यासाठी ही मंडळी आली होती ती मुलगी आजींच्या कडेवर होती आणि तिच्या हातात अर्धी भरलेली दुधाची बाटली होती. वय २ वर्षं १० महिने. खुर्चीत टेकता टेकताच आजी म्हणाल्या, “ताई, ही काहीच खात नाही. घास गालात धरून बसते. बाटली आहे म्हणून जगलीये.”

मी मुलांच्या आहाराचं काम करते. “काहीच खात नाही” हे वाक्य मी रोज ऐकते. आजींचं शेवटचं वाक्य मात्र मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं, कारण दुखणं आणि त्याचं कारण, दोन्ही त्यात होतं. (घर ओळखू येईल असे तपशील इथे बदलले आहेत.)

वजनकाटा काय म्हणाला

मुलीचं वजन भरलं १२.४ किलो, उंची ९१ सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या तक्त्यांत या वयाच्या मुलींची मधली रेषा साडेतेरा किलोच्या आसपास जाते. ही तिच्या खाली होती, पण फार नाही, आणि उंचीही त्याच प्रमाणात होती. आईने लसीकरणाची वही आणली होती. त्यातली जुनी वजनं तक्त्यावर टिपून जोडली, तर गेलं वर्षभर मुलगी स्वतःच्या रेषेला धरून चालली होती. ज्या मुलाच्या पोटात खरंच काही जात नाही त्याची रेषा खाली कलते. हिची कलली नव्हती. म्हणजे ऊर्जा कुठून तरी पुरेशी येत होती. ती कुठून येते एवढंच शोधायचं होतं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगते, कारण निम्म्या घरांची काळजी तेवढ्यावरच हलकी होते. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोने वाढतं आणि पुढे काही वर्षं साधारण दोन किलो दर वर्षी. वाढीचा वेग इतका उतरतो, तेव्हा भूकही उतरते. त्याच सुमाराला, म्हणजे दुसऱ्या वर्षापासून साधारण सहाव्या वर्षापर्यंत, अनोळखी पदार्थाची भीती सगळ्यात तीव्र असते. आपण मात्र ‘आता मोठी झाली, आता जास्त जेवायला हवी’ असं धरून बसलेलो असतो. भूक कमी झालेली, नवं काही नको असलेलं मूल आणि वाटी भरून बसलेलं घर अशी गाठ इथेच पडते.

पण या मुलीच्या बाबतीत एवढंच नव्हतं. तिच्या तळहातांना आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला लाली नव्हती. तासभर ती आजींच्या मांडीवरून उतरली नाही. या वयाचं मूल माझ्या खोलीत पाच मिनिटंही बसत नाही. पोट तिसऱ्या दिवशी साफ होतं, तेही रडत. मी विचारलं, “माती, खडू, बर्फ असलं काही खाते का?” आई दचकलीच. कुंडीतली माती उकरून तोंडात घालण्यावरून घरात रोज ओरडाआरडा होत होता, पण ती खोड आहे असं समजून कोणी सांगायला धजलं नव्हतं.

आणखी एक धागा वहीत सापडला. मुलगी वेळेआधी जन्मली होती, जन्मवजन २.१ किलो. बाळ लोहाचा बराचसा साठा आईच्या पोटातल्या शेवटच्या महिन्यांत गोळा करतं. लवकर आणि कमी वजनाचं जन्मलेलं बाळ तो साठा अपुराच घेऊन येतं, म्हणून त्याला लोहाचे थेंब देतात. हिलाही दिले होते. दुसऱ्या महिन्यात बाटली संपली आणि घरच्या धावपळीत ते थेंब मागेच पडले.

आहारात काहीही बदलण्याआधी मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. माती खाणं, फिकटपणा आणि बद्धकोष्ठ तीनही एकत्र दिसत असताना नुसत्या आहाराच्या सल्ल्यावर भागवणं मला पटत नाही. सोबत घरच्यांना एक वही दिली. तीन दिवस मुलीच्या तोंडात जे जाईल ते लिहायचं, वेळेसकट. आजींनी विचारलं, “पिणंही लिहायचं? ते कशाला?” मी म्हटलं, “आजी, पिणं आधी लिहा.”

वहीतले तीन दिवस

तिन्ही दिवस जवळपास सारखेच निघाले. पहाटे उठल्या उठल्या २४० मिलिलिटर दूध, साखर आणि चॉकलेटच्या चवीची पावडर घालून. नऊच्या सुमाराला आजी वाटी घेऊन मागे, चार-पाच घास, मोबाइलवर कार्टून. ‘नाष्टा झाला नाही’ म्हणून दहा वाजता बिस्किटं. अकराला २०० मिलिलिटर दूध. एक वाजता जेवण, म्हणजे पुन्हा वाटी, पुन्हा कार्टून, सव्वा तास आणि सहा-सात घास. दुपारी झोपताना बाटली, २०० मिलिलिटर. उठल्यावर फळाच्या रसाचा २०० मिलिलिटरचा डबा आणि बिस्किटं. रात्री जेवणाला स्पष्ट नकार, एकदा उलटी. झोपताना पुन्हा २४० मिलिलिटरची बाटली.

मी त्यांच्यासमोरच बेरीज मांडली. दूध दिवसाला ८८० मिलिलिटर. सायीसकट दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण ६५ किलोकॅलरी धरल्या तर ५७० झाल्या. सहा बिस्किटं, रस, दुधातली साखर आणि पावडर मिळून आणखी पावणेचारशेच्या आसपास. एकूण साडेनऊशे. या वयाच्या मुलीची दिवसाची गरज असते साधारण १०५० किलोकॅलरी. म्हणजे ताटाला हात लागण्याआधीच दिवसभराचं नव्वद टक्के इंधन भरलेलं होतं. जे पाच-दहा घास ती खात होती, तेवढीच जागा पोटात शिल्लक होती.

आई बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे ती जेवते आहे. आम्हीच तिला आधी जेवायला घालतोय.”

दुसरी बेरीज साखरेची होती. रसातून सुमारे २० ग्रॅम, उरलेली बिस्किटांतून आणि दुधातून, मिळून ४५ ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला असा, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. या मुलीसाठी ती मर्यादा होते साधारण २६ ग्रॅम. रसाच्या डब्यावर फळाचं चित्र असतं म्हणून घरात कुणी तो साखरेत धरतच नव्हतं. लहान मुलांच्या डॉक्टरांच्या अमेरिकन संघटनेने २०१७ मध्ये रसाची मर्यादा ठरवून दिली आहे: पहिल्या वर्षात अजिबात नाही, एक ते तीन वर्षांत दिवसाला फार तर १२० मिलिलिटर. माझं स्वतःचं मत याहून सरळ आहे. जे मूल फळ चावू शकतं त्याला रसाची गरज नाही.

तिसरी बेरीज लोहाची, आणि तिनेच प्रकरण उलगडलं. या वयाला दिवसाला साधारण ७ मिलिग्रॅम लोह लागतं. वहीतलं सगळं मिळून २ मिलिग्रॅमसुद्धा नीट भरेना. लिटरभर दुधात लोह अर्धा मिलिग्रॅमही नसतं. वर दुधातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन दुसऱ्या अन्नातलं लोह शोषू देत नाही. म्हणजे त्या चार घासांत जे थोडं लोह होतं, त्याच्यावरही दूध येऊन बसत होतं.

दरम्यान रक्ताचा अहवाल आला. हिमोग्लोबिन ८.९. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. लाल पेशी आकाराने लहान, आणि लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन ५. पाच वर्षांखालच्या मुलात ते १२ च्या खाली गेलं की साठा संपला असं समजतात. पेशी लहान दिसण्याचं दुसरं कारण थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असणं हेही असू शकतं. डॉक्टरांनी अहवालातल्या इतर आकड्यांवरून ती शक्यता तूर्त बाजूला ठेवली आणि लोहाचं औषध सुरू केलं. किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे रोज ३७ मिलिग्रॅमच्या जवळपास. महिन्याभरात हिमोग्लोबिन चढलं तर निदान पक्कं, नाही चढलं तर पुढच्या तपासण्या, असं ठरलं.

लोह कमी झालं की भूक मरते. भूक मेली की मूल जेवत नाही. जेवत नाही म्हणून घर बाटली पुढे करतं, आणि बाटलीत लोह नसतं. हे चक्र या घरात निदान वर्षभर फिरत असावं. यात निष्काळजीपणा कुठेच नव्हता. उलट इतकी काळजी घेणारी घरं मी कमी पाहिली आहेत.

माझी चूक

पहिल्या आराखड्यात मी घाई केली. दूध ४०० मिलिलिटरवर आणायचं, बाटली बंद, रस बंद, बिस्किटं बंद, जेवताना मोबाइल बंद, हे सगळं सोमवारपासून. सोबत पौष्टिक खाऊच्या चौदा प्रकारांची यादी दिली. कागदावर सगळं बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी रात्री आईचा फोन आला. मुलगी दोन तास रडत होती, बाळ जागं झालं होतं, आजींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि शेवटी आजींनीच बाटली भरून दिली होती. आई म्हणाली, “त्या यादीतलं एकही करायला मला वेळ झाला नाही, ताई. मला रात्री तीन वेळा उठावं लागतं.”

मी पहिल्या भेटीत एक गोष्ट विचारलीच नव्हती: बाटली इतकी कधी वाढली? दुसऱ्या दिवशी विचारलं. दिवसाच्या दोन बाटल्या आधीपासून होत्याच. झोपतानाच्या दोन, दुपारची आणि रात्रीची, बाळ घरी आल्यापासून सुरू झाल्या होत्या. आई बाळाला छातीशी घ्यायची आणि ही शेजारी उभी राहून आपली बाटली मागायची. त्या बाटलीत दुधाहून आईची जवळीक जास्त होती, आणि मी ती एका सोमवारी काढून घ्यायला निघाले होते.

दुसरं मनात ठसलं ते आजींचं बोलणं. त्या म्हणाल्या, “तुम्ही हिला आता बघता. मी हिला दोन किलोची बघितली आहे. कापसात गुंडाळलेली. तेव्हा डॉक्टर म्हणायचे, पाच मिलिलिटर जास्त प्यायली तरी चांगलं. माझ्या डोक्यातून ते जात नाही.” नात म्हणजे दुधावरची साय म्हणतात. या आजींनी ती साय थेंबाथेंबाने जमवली होती. त्यांना ‘दूध कमी करा’ असं सांगताना आपण नेमकं काय हातातून काढून घेतोय, हे मला आधी कळायला हवं होतं.

दुसरा आराखडा: आधी घड्याळ, मग ताट

यावेळी आम्ही पदार्थांना हातच लावला नाही. पहिले सात दिवस फक्त वेळा बदलल्या. सकाळी आठ, साडेदहा, एक, साडेचार आणि संध्याकाळी साडेसात. खायच्या या पाच वेळा. त्यांच्या अधेमधे फक्त पाणी. दूध द्यायचं तर यातल्याच एखाद्या वेळी आणि खाण्यानंतर. मुलाला भूक लागायला दोन-अडीच तासांचं मोकळं पोट लागतं, आणि या मुलीला गेल्या कित्येक महिन्यांत ते एकदाही मिळालं नव्हतं.

रात्रीची बाटली शेवटी ठेवली. आधी अकराची गेली, कारण ती कुणाला फारशी हवीच नव्हती. मग सकाळचं दूध कपात आलं. कप मुलीनेच निवडला. रस बाबांनी बंद केला, म्हणजे घरात आणणंच थांबवलं. फ्रिजमध्ये दिसतोय आणि मिळत नाही, यासारखा छळ नाही. दुपारची बाटली दुसऱ्या आठवड्यात गेली. रात्रीच्या बाटलीऐवजी आई बाळ झोपल्यावर पंधरा मिनिटं फक्त मुलीजवळ पडून राहायची, हे बाबांनी सुचवलं आणि तेवढा वेळ बाळ सांभाळायचं त्यांनी अंगावर घेतलं. बाटली सुटायला आणखी नऊ दिवस लागले. रात्रभर दातांवर गोड दूध राहून दात किडतात, ते कारणही होतंच, पण मुलीला ते सांगून उपयोग नव्हता. पंधरा मिनिटांचा झाला.

भरवण्याबाबत मी एकच नियम दिला. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मांडलेली कामाची वाटणी ती हीच: काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. आजींना हे अजिबात पटलं नाही. “तिच्यावर सोडलं तर ती उपाशी राहील.”

त्यांना मी क्लारा डेव्हिस यांची हकिकत सांगितली. या अमेरिकन डॉक्टरांनी १९२० च्या दशकात नुकती दूध सुटलेली बाळं निवडली आणि त्यांच्यापुढे वेगवेगळ्या भांड्यांत साधं अन्न मांडलं: फळं, भाज्या, धान्य, अंडी, मांस, दूध. शेजारी बसलेल्या परिचारिकेला सक्त सूचना, की आग्रह करायचा नाही, पुढे करायचं नाही, बाळाने हात नेला किंवा बोट दाखवलं तरच चमचा उचलायचा. पहिल्या तीन बाळांची माहिती १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली, पुढे मुलांची संख्या १५ झाली. एखाद्या वेळी बाळ अंड्यांवरच ताव मारायचं, दुसऱ्या दिवशी फळांखेरीज काही नको. एकेका दिवसाचं खाणं विचित्र दिसायचं. पण मुलं उत्तम वाढली. यातली मेख डेव्हिस यांनी स्वतःच सांगितली होती: ती पदार्थांच्या यादीत होती. यादीत साखर नव्हती, गोड केलेलं काही नव्हतं. निवड मुलाची, पण यादी मोठ्यांची.

आजी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे वाढायचं मी.” मी म्हटलं, “वाढायचं तुम्हीच. भरवायचं तिने.”

एक अट त्यांनी मान्य केली: वाटी घेऊन मागे फिरायचं नाही, मुलीसोबत बसून स्वतः जेवायचं. नंतर कळलं, की आजी गेली दोन वर्षं दुपारचं जेवण उभ्याने, नातीच्या उरलेल्या घासांवर उरकत होत्या.

खाऊ आणि जेवण

आपल्या भाषेत ‘खाऊ’ हा शब्द आहे. खाऊ प्रेमाने आणतात, लपवून ठेवतात, शहाण्यासारखं वागलं की देतात. जेवण मात्र ‘संपवायचं’ असतं. मुलीने हा फरक नीट ओळखला होता. बिस्किट म्हणजे माया आणि भाताची वाटी म्हणजे सव्वा तासाची झटापट. ‘दोन घास खा, मग बिस्किट देते’ हा सौदा तिला तेच शिकवत होता. बक्षीस म्हणून दिलेला पदार्थ मुलाला अधिक आवडू लागतो, आणि ज्याच्यासाठी बक्षीस मिळतं तो नावडता होतो.

मी खाऊ बंद करायला सांगितला नाही. लहान पोटाला तीन जेवणं पुरत नाहीत, मधले दोन खाऊ लागतातच. पण खाऊ म्हणजे छोटं जेवण. जेवणात जे असायला हवं तेच त्यात असावं, फक्त लहान आणि हातात धरता येईल असं. चौदा प्रकारांची यादी मी परत घेतली आणि आईला विचारलं, “तुमच्या घरात रोज काय शिजतं? त्यातलंच काय बाजूला काढता येईल?” त्यातून पाच गोष्टी निघाल्या: उकडलेल्या अंड्याच्या फोडी आणि संत्र्याच्या दोन पाकळ्या, घट्ट डाळीत कालवलेला भाताचा गोळा, लिंबू पिळून, केळं घातलेलं साधं दही, मऊ शिजवलेल्या गाजर-बटाट्याच्या लांब फोडी, आणि शिजवून ठेचलेले हरभरे किंवा वाटाणे. एवढंच आलटून पालटून. वेगळं काही रांधायचं नाही.

संत्र आणि लिंबू चवीसाठी नव्हते. डाळी, कडधान्यं, भाज्या यांतलं लोह शरीर सहजी घेत नाही. सोबत क जीवनसत्त्व असलं की ते बरंच जास्त शोषलं जातं. कडधान्य भिजवून मोड आणले तर लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. घरात मासे आणि कोंबडी शिजत होतीच, पण ‘तिला चावत नाही’ म्हणून तिच्या ताटात येत नव्हती. बारीक करून भातात मिसळली आणि आली. मांसातलं लोह सहज शोषलं जातं आणि सोबतच्या डाळ-भाजीतलं लोहही जास्त घेतलं जातं. जी घरं मांसाहार करत नाहीत त्यांनी लिंबू, टोमॅटो, पेरू, संत्रं यांतलं काहीतरी जेवणाच्या वेळीच द्यावं, दोन तासांनी नाही. आणि चहा मुलांना देऊ नये. काही घरांत बशीतून एखादा घोट जातो, त्यातलं टॅनिन लोहाच्या आड येतं.

दुसरा बदल ताटाचा. आजींची वाटी मोठी होती, मोठ्या माणसाची. अंदाजासाठी मी सांगते: वयाच्या प्रत्येक वर्षामागे एकेका पदार्थाचा एक मोठा चमचा वाढा. म्हणजे हिच्यासाठी तीन चमचे भात, तीन चमचे डाळ, तेवढीच भाजी. मागितलं तर पुन्हा वाढा. भरलेली वाटी बघूनच जे मूल तोंड फिरवतं ते तीन चमच्यांपुढे बसून राहतं. आईला ताट फारच रिकामं वाटलं. चौथ्या दिवशी मुलीने ‘अजून’ म्हटलं. घरात हा शब्द जेवणाच्या बाबतीत कुणी ऐकला नव्हता.

काही गोष्टी मी सक्तीने सांगितल्या, तिथे मुलाच्या मर्जीचा प्रश्न नाही. शेंगदाणे आणि इतर कठीण दाणे अख्खे द्यायचे नाहीत, कूट करून द्यायचे. द्राक्ष उभं चिरून चार तुकडे. कच्चं गाजर किसून, नाहीतर शिजवून. खाताना बसलेलं असायचं, पळत नाही, झोपून नाही, आणि मोठं माणूस समोर. घास श्वासनलिकेत अडकतो तो या क्षणांत. आणि लोहाच्या औषधाची बाटली मुलीचा हात पोचणार नाही अशा जागी, बंद कपाटात. औषध म्हणून जे लोह वाचवतं, तेच एकदम जास्त गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेततं. औषध दुधासोबत द्यायचं नाही. शौच काळपट होईल, घाबरायचं नाही.

महिना झाला आणि वजन उतरलं

पहिल्या महिन्याच्या शेवटी मुलीचं वजन १२.३ किलो भरलं. शंभर ग्रॅमने कमी. आजींचा चेहरा पडला. मला खात्री होती, तरी त्या खोलीतली शांतता मलाही जड गेली. दिवसाचं दूध निम्म्याने उतरलं होतं, रस गेला होता आणि घन अन्न अजून त्या जागी पुरतं बसलं नव्हतं. पोट मात्र रोज साफ होत होतं, आणि साचलेलं निघून गेल्यावर शंभर ग्रॅमचा फरक सहज पडतो.

त्याच दिवशी रक्ताचा अहवाल आला. हिमोग्लोबिन १०.६. चार आठवड्यांत १.७ ने चढलं होतं. एक ग्रॅमची वाढसुद्धा निदानाला पुरते. आईने सांगितलं, की माती खाणं दुसऱ्या आठवड्यातच थांबलं. ओरडून वर्षभर जे थांबलं नव्हतं ते औषधाने थांबलं, कारण ती खोड नव्हतीच. आजी तो आकडा ऐकून काही बोलल्या नाहीत. त्या बघत होत्या खोलीच्या कोपऱ्याकडे. नात खुर्चीवर चढून खाली उडी मारत होती, पुन्हा चढत होती.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.९, वजन १२.९. साठा भरून निघावा म्हणून औषध आणखी दोन महिने चालू राहणार आहे. दूध दिवसाला ४०० ते ४५०, कपातून. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतं. कधी ती भरपूर जेवते, कधी दोन चमचे खाऊन उठते, आणि तसं उठू देणं आजींना अजून जड जातं. मोबाइल रात्रीच्या जेवणातून गेला आहे, दुपारच्या जेवणात अधूनमधून डोकावतो. पालेभाजी ती अजून खात नाही. आई प्रत्येक वेळी एक लहानसा चमचा ताटाच्या कडेला वाढते आणि त्याबद्दल काही बोलत नाही. नवा पदार्थ आपलासा करायला मुलाला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही तो समोर यावा लागतो. बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या वेळी ‘तिला आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळी होतात. अकराव्या वेळी तिने पालक बोटाने उचलून जिभेला लावला आणि परत ठेवला. आईने मला तेवढ्यासाठी निरोप पाठवला होता.

या भेटीत बाळ पाच महिन्यांचं झालं होतं. निघताना आजींनी विचारलं, “याला वरचं दूध कधीपासून घालायचं?” मी म्हटलं, पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत प्यायला गाईचं-म्हशीचं दूध नाही. त्यात लोह नाही, आणि इतक्या कोवळ्या आतड्यातून त्यामुळे डोळ्यांना न दिसेल एवढं रक्त झिरपू शकतं. आईचं दूध चालू ठेवा. सहा महिने झाले की जन्माचा लोहसाठा आटत येतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यापासून मऊ डाळ, नीट शिजवलेल्या अंड्याचा बलक, बारीक केलेला मासा किंवा मांस, सोबत फळाचा गर. मध एक वर्षापर्यंत अजिबात नाही. दूध द्यायची वेळ येईल तेव्हा कपातून, आणि अर्ध्या लिटरच्या आत.

त्यांनी ते मोठ्या अक्षरात लिहून मागितलं. मी लिहून दिलं. कागद घडी करून पर्समध्ये ठेवता ठेवता त्यांनी नातीला हाक मारली. साडेचार वाजायला आले होते, डब्यात वाटाणे होते.